आजोबांपासून नातीपर्यंत आठ जण सिंगापूरला: आधी काय, मग काय

मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या घराने सिंगापूरला जायचं ठरतं आणि त्याच रात्री कुणीतरी स्वस्त तिकिटं दिसली म्हणून काढून मोकळं होतं. मग एकेक गोष्ट उघड होत जाते. आजीच्या पासपोर्टची मुदत सप्टेंबरात संपतेय. आजोबांना सलग दहा मिनिटंही चालवत नाही. विमान सकाळी साडेसातला उतरतंय आणि हॉटेलची खोली मिळणार दुपारी तीनला. यातली एकही अडचण सिंगापुरात तयार झालेली नसते. कामांचा क्रम उलटा लागल्यामुळे ती घरीच तयार होते.

खालचा क्रम आठ जणांचं घर डोळ्यांपुढे ठेवून लावला आहे: आजोबा ७४, आजी ६९, दोन मुलगे, दोन सुना, नातू ९ वर्षांचा, नात ३ वर्षांची. मुंबईहून निघायचं, सहा रात्री सिंगापुरात राहायचं. तुमच्याकडे माणसं कमी-जास्त असतील, देशही वेगळा असेल. तरी पहिले दोन टप्पे झाल्याशिवाय तिकिटाच्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा १. चार महिने आधी: सगळ्यात हळू चालणाऱ्याचं माप घ्या

"मला काही होत नाही, मी चालतो की" हे आजोबांचं वाक्य माप म्हणून धरू नका. घड्याळ लावा. प्रवासात जे बूट घालायचे आहेत तेच घालून सपाट रस्त्यावर त्यांच्याबरोबर चाला आणि चार गोष्टी लिहून ठेवा:

१. बसावंसं वाटेपर्यंत किती मिनिटं गेली.
२. कठडा धरून किती पायऱ्या चढता आणि किती उतरता येतात. उतरणं वेगळं मोजा, गुडघे उतरताना जास्त बोलतात.
३. किती वेळाने बाथरूमला जावं लागतं.
४. दुपारी झोप लागते का आणि ती चुकली तर संध्याकाळ कशी जाते.

हीच चाचणी आजींचीही घ्या, त्या साडी नेसलेल्या असताना. त्या रोज पंजाबी ड्रेस घालत असतील तर प्रश्न नाही. पण आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला प्रवासापुरता ड्रेस घालायला लावायचा असेल तर निदान महिनाभर आधी सवय होऊ द्या.

पंधरा मिनिटांच्या आत बसावं लागत असेल तर विमानतळावर व्हीलचेअर घ्यायचीच, आणि मोठ्या बागा, प्राणिसंग्रहालय इथेही. वीस-पंचवीस मिनिटं सहज चालता येत असेल तरी विमानतळापुरती व्हीलचेअर मागा. मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये दारापासून गेटपर्यंतचं अंतर आणि रांगा मिळून तब्येतीने बऱ्या माणसाचाही घाम निघतो.

याच आठवड्यात नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. अलीकडे शस्त्रक्रिया, स्टेंट, छातीत दुखणं, पायाला सूज असं काही झालं असेल तर साडेपाच तासांचा विमानप्रवास चालेल का, हे थेट विचारा. डॉक्टर "सहा आठवडे थांबा" म्हणाले तर तारखा त्यानुसार ठरतील, सुट्टीनुसार नव्हे.

पैशांचा विषयही आताच काढा. दोन भाऊ असतील तर आई-वडिलांचा खर्च कोण किती उचलणार, खरेदी आणि बाहेरचं खाणं कुणाच्या खिशातून, हे कागदावर येऊ द्या. आणि एक कारभारी नेमा. दोन कारभारी असले की एकाच आजीची व्हीलचेअर दोघंही "तू सांगितलंस ना" म्हणून विसरतात.

## टप्पा २. पासपोर्ट: आठही पुस्तिका एका टेबलावर

फोटो मागवू नका, मूळ पासपोर्ट समोर ठेवा.

१. मुदत. सिंगापुरात उतरण्याच्या दिवशी किमान ६ महिने शिल्लक हवेत. मेमध्ये जायचं असेल तर नोव्हेंबरअखेरच्या आत संपणारा प्रत्येक पासपोर्ट आताच नूतनीकरणाला द्या. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. नातवाचा चार वर्षांचा असताना काढलेला पासपोर्ट हमखास याच सुमाराला संपतो आणि तोच सगळे विसरतात.

२. नाव. महाराष्ट्रातल्या घरांत हा खरा सापळा आहे. आधारवर 'सावित्री दत्तात्रय', पॅनवर 'सावित्रीबाई', पासपोर्टवर माहेरचं आडनाव. परदेश प्रवासात पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग तेवढं खरं. तिकीट, व्हिसा, विमा या तिन्हींवर अक्षर न् अक्षर तेच हवं. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' या ओळीत स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं अशी दोन्ही नावं असतील तर तिकिटाच्या पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही भरा.

३. आडनावाची ओळ रिकामी आहे का? जुन्या पासपोर्टांत पूर्ण नाव एकाच ओळीत असतं. तसं असेल तर नूतनीकरणात दुरुस्त करून घ्या. नाहीतर तिकिटाचा फॉर्म भरताना अडकाल.

४. कोरी पानं आणि अवस्था. भिजलेलं, शिवण सुटलेलं, नातीने पेनने रंगवलेलं पुस्तक बदला.

नातीचा पहिला पासपोर्ट काढायचा असेल तर जन्मदाखला आधी बघा. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो. त्यावर बाळाचं नाव चढवायचं राहिलेलं असतं, आणि नगरपालिकेत ते काम दोन-तीन आठवडे घेऊ शकतं. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट 'डी' जोडावं लागतं.

थांबा: मुलाचे आई किंवा वडील सोबत येत नसतील, किंवा फक्त आजी-आजोबा नातवंडांना नेत असतील, तर न येणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतिपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत लागेल असं धरून चला.

## टप्पा ३. तारखा आणि विमानाची वेळ

सिंगापुरात हवा वर्षभर दमट आणि उन्हाळी, पाऊस कधीही. त्यातल्या त्यात नोव्हेंबर ते जानेवारीत जास्त. तिथल्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत मोठी सुट्टी असते. म्हणून मेचे पहिले तीन आठवडे महाराष्ट्रातल्या शाळकरी घरांना सोयीचे: आपली सुट्टी, त्यांची शाळा.

आता वेळ. रात्री साडेअकराचं विमान स्वस्त दिसतं आणि 'एक दिवस वाचतो' असं वाटतं. हिशोब करा. साडेपाच तास उड्डाण आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे सकाळी साडेसातला उतरणार. आजोबांच्या अंगाला तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात. झोप फार तर तीन तास. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीननंतर. मधले सहा-सात तास बहुतेक घरं 'वेळ आहे तर मर्लायन बघून घेऊ' म्हणून उन्हात काढतात आणि दुसरा, तिसरा दिवस त्याची किंमत मोजतात.

दोन मार्ग आहेत. दिवसाचं विमान घ्या, किंवा रात्रीच्या विमानासोबत आदल्या रात्रीपासूनची निदान एक खोली बुक करा आणि 'सकाळी नऊला येऊ' हे हॉटेलकडून लेखी घ्या. सगळ्यांसाठी नको, एका खोलीत आजी, आजोबा आणि नात झोपली की बाकीचे लॉबीत चहा पीत बसू शकतात. 'लवकर चेक-इनची विनंती केली आहे' हे आश्वासन म्हणून मोजू नका. विनंती म्हणजे विनंतीच.

## टप्पा ४. मुक्काम

"आठ जण आहोत, एखादं घरच भाड्याने घेऊ, स्वयंपाकही होईल." हा विचार गोव्यात चालतो. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, सरकारी वसाहतीतल्या सदनिकांना तर सहा महिन्यांची अट आहे. संकेतस्थळावर घर दिसलं तरी पैसे भरू नका. सर्व्हिस अपार्टमेंट कायदेशीर असतात, पण किमान सात रात्रींची अट असते. ज्यांच्याकडे हॉटेलचा परवाना आहे तेच कमी रात्रींसाठी देतात. परवान्याचा प्रश्न ईमेलवर विचारा.

हॉटेल घेताना या गोष्टी लेखी मिळवा:

- आतून दार जोडलेल्या खोल्या. 'शेजारच्या' आणि 'आतून जोडलेल्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री आजोबांना त्रास झाला तर आतलं दार उघडं असणं महत्त्वाचं.
- शॉवर सपाट जमिनीवरचा. टबमध्ये पाय उचलून चढायचं, आणि तेही ओल्या फरशीवरून, म्हणजे सहलीतला सगळ्यात धोक्याचा क्षण.
- खोलीत किती माणसं. तिथल्या खोल्या लहान आणि नियम कडक. दोन मोठी आणि एक मूल ही नेहमीची मर्यादा. तिसऱ्या मोठ्या माणसाला जमिनीवर गादी टाकून देण्याची आपली पद्धत तिथे नाही.
- किटली आणि छोटा फ्रिज. इन्सुलिन, दूध आणि आजीचा पहाटेचा चहा.

जागा म्हणाल तर लिटिल इंडिया किंवा फेरर पार्क. झगमगाट कमी, पण सेरंगून रोडवर १९४७ पासून चालणाऱ्या कोमला विलाससारखी शाकाहारी जेवणाची ठिकाणं चालण्याच्या अंतरात असतात आणि सकाळी इडली मिळते. पाच मिनिटांवर जेवण असणं हे तलावाच्या दृश्यापेक्षा कितीतरी मोलाचं, विशेषतः सातच्या ठोक्याला जेवणाऱ्या माणसांसाठी.

तपासा: जाहिरातीतलं 'मेट्रोपासून ५ मिनिटं' हे तरुणाच्या पायाचं असतं. सिंगापूरच्या प्रत्येक एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनात लिफ्ट आहे, पण ती प्रत्येक बाहेर पडण्याच्या दाराशी नसते. लिफ्ट ज्या दाराशी आहे तिथून हॉटेल किती लांब, ते नकाशावर मोजा आणि मिनिटं दुप्पट करा.

बुकिंग व्हिसा येईपर्यंत रद्द करता येईल असंच घ्या.

## टप्पा ५. तिकिटं

एका पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) जास्तीत जास्त ९ प्रवासी बसतात, त्यामुळे आठ जण एकत्र राहतात. पण आठ जागा एकदम शोधल्या की दर चढा दिसू शकतो: सगळ्यात स्वस्त वर्गात पाचच जागा उरल्या असतील तर संगणक आठही जणांना वरचा दर लावतो. एकदा एका माणसासाठी शोधून फरक बघा. फरक मोठा असेल तर ५ आणि ३ असे भाग करता येतील, मात्र आजी-आजोबा आणि त्यांना सांभाळणारा एकाच पीएनआरवर हवेत. विमान रद्द झालं तर पीएनआरनुसार माणसं वेगवेगळ्या विमानांत जातात.

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं. प्रवासाच्या मध्येच ते दोन पूर्ण करत असेल, तर परतीला त्याची वेगळी जागा घ्यावी लागते.

तिकीट काढताच, त्याच बैठकीत, पुढची तीन कामं:

व्हीलचेअर. तीन प्रकार आहेत. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, ते 'डब्ल्यूसीएचआर'. पायऱ्या जमत नाहीत, ते 'डब्ल्यूसीएचएस'. जागेवरून उठताही येत नाही, ते 'डब्ल्यूसीएचसी'. गुडघेदुखीच्या आजीसाठी सहसा दुसरा प्रकार योग्य. पहिला घेतला आणि विमान पुलाला न लागता बाहेर उभं राहिलं, तर शिडी चढावी लागते. जाताना आणि येताना अशी दोन्ही वेळची नोंद वेगवेगळी तपासा. परतीची राहून जाते.

जागा. आजोबांना वाटेकडेची आणि स्वच्छतागृहाजवळची, आजी त्यांच्या शेजारी, खिडकी नातवाला. आपत्कालीन दाराजवळची रांग पाय पसरायला छान वाटते, पण तिथे मुलं आणि मदत लागणारी माणसं बसवत नाहीत.

जेवण. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात कोंबडी, मटण, मासे असू शकतात. गोमांस मात्र नसतं. दरवर्षी कित्येक माळकरी आजोबांच्या पुढ्यात ती थाळी येते. शाकाहारासाठी 'एशियन व्हेजिटेरियन' म्हणजे एव्हीएमएल निवडा, कांदा-लसूण नको असेल तर जैन म्हणजे व्हीजेएमएल. एकादशी पडत असेल तर उपवासाची थाळी मिळत नाही, पण फळांची मिळते: एफपीएमएल. मागणी निदान २४ तास आधी नोंदलेली हवी.

पॅकेज घेणार असाल तर एक अधिकची सूचना. पैसे कुणाच्या पॅनवर भरताय ते ठरवून भरा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जातो आणि तो त्या पॅनधारकाच्या विवरणपत्रात वळता होतो. विवरणपत्रच न भरणाऱ्या आजोबांच्या नावाने पैसे भरले, तर तो परत मिळवायला त्यांना विवरणपत्र भरावं लागेल.

## टप्पा ६. विमा

तिकीट काढलं की त्याच आठवड्यात. आठ जणांची एकच स्वस्त पॉलिसी बघू नका. ज्येष्ठांची वेगळी घ्या. तीन कलमं वाचायची:

१. आधीपासूनच्या आजाराचं काय? बऱ्याच पॉलिसी जिवावर बेतलं तरच, तेही मर्यादित रकमेपर्यंत देतात.
२. साठ-सत्तरीनंतर खोली, आयसीयू, शस्त्रक्रिया यांवर वेगळी मर्यादा आहे का? वर एक लाख डॉलर छापलेलं असतं आणि आत उपमर्यादा असतात.
३. मुदत भारतातून निघण्याच्या दिवसापासून परत पोहोचण्याच्या दिवसापर्यंत आहे का?

मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, जे असेल ते लिहा. हप्ता वाचवण्यासाठी लपवलेला रक्तदाब दावा फेटाळण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं.

## टप्पा ७. औषधं

हा टप्पा लोक आदल्या रात्री करतात. तो किमान सहा आठवडे आधी सुरू करायचा, कारण सिंगापुरात काही औषधांना आगाऊ परवानगी लागते.

प्रत्येक माणसाची यादी करा: औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, ब्रँडचं नाव, मात्रा, वेळ, रोज किती. स्वतःपुरती तीन महिन्यांपर्यंतची औषधं साधारणपणे नेता येतात. पण झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम), कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, काही जहाल वेदनाशामक गोळ्या यांचे नियम वेगळे आहेत. हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटी या सिंगापूरच्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावर औषधाचं मूळ नाव टाकून परवानगी लागते का ते बघा, आणि लागत असेल तर निघण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा. 'रात्रीची अर्धी गोळी' हे आजीचं वर्णन पुरेसं नाही. ती अर्धी गोळी बहुतेक वेळा याच यादीतली निघते.

त्यानंतर:

१. डॉक्टरांकडून इंग्रजीत, लेटरहेडवर, मूळ नावांसह चिठ्ठी घ्या. आपल्याकडचे ब्रँड तिथल्या औषध दुकानात कुणाला माहीत नसतात.
२. नाव पासपोर्टप्रमाणेच. 'श्रीमती कुलकर्णी आजी' नको.
३. गोळ्या मूळ पाकिटातच. आठवड्याची खणांची डबी रिकामी न्या आणि हॉटेलात भरा.
४. सहलीचे दिवस अधिक पाच दिवसांचा साठा.
५. दोन समान वाटे, दोन वेगळ्या हातातल्या बॅगांत. मोठ्या बॅगेत एकही गोळी नाही. इन्सुलिन तर अजिबात नाही. मालकक्षात गोठलं तर निकामी होतं.
६. पुडीत बांधलेलं चूर्ण, बिनलेबलची मात्रा, काढ्याची भुकटी घरीच ठेवा. लागतच असेल तर सीलबंद, छापील नावाचं घ्या.

दिवसातून एकदाच्या बहुतेक गोळ्यांना अडीच तासांचा फरक सोसतो. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी आणि फिट्सची औषधं यांचं नवं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून आणा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा आणि सुरक्षा तपासणीत आधीच दाखवा.

## टप्पा ८. व्हिसा

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत ऑनलाइन निघतो. अर्ज प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत द्यायचा. २० ते २५ दिवस उरलेले असताना दिला तर दुरुस्तीला वाव राहतो. शासकीय शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर, परत न मिळणारं. एजंटाचा आकार वेगळा.

लागतं ते असं: सही केलेला १४ए अर्ज, पासपोर्टची प्रत, ३५ गुणिले ४५ मिमीचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो, विनंतीपत्र, बँकेची विवरणं, तिकीट आणि हॉटेल. आजी-आजोबांच्या विनंतीपत्रात 'खर्च मुलगा करणार' हे वाक्य, नातं आणि मुलाची बँक विवरणं असू द्या. फोटो सगळ्यात जास्त परत येतात: चष्म्यावरची चमक, डोक्यावरच्या पदराची सावली, तीन वर्षांच्या मुलीचे मिटलेले डोळे. फोटो मोबाइलवर घरी काढू नका; स्टुडिओत 'सिंगापूर व्हिसा' असं सांगून काढा.

तपासा: व्हिसा आल्यावर आठही प्रती पासपोर्टशी ताडून बघा: नाव, क्रमांक, जन्मतारीख, मुदत. हे काम दोघांनी करायचं, एक वाचतो, एक बघतो.

## टप्पा ९. बॅगा, आणि बॅगेत नको त्या गोष्टी

काय न्यायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. इथे फक्त मराठी घरांच्या बॅगांत नेमकं जे सापडतं तेवढंच.

- मशेरी, तपकीर, गुटखा, जर्दा, खाण्याचा तंबाखू: सिंगापुरात आणायला पूर्ण बंदी. आजींना नीट, एकांतात विचारा. मशेरीची डबी बटव्यात असते आणि तिला त्या तंबाखू म्हणत नाहीत. सवय असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.
- सिगारेटी: एकही करमुक्त नाही. जाहीर करून कर भरावा लागतो. ई-सिगारेटला बंदीच.
- च्युइंग गम: नको. विमानात कान दुखू नयेत म्हणून मुलांना लिमलेटच्या गोळ्या द्या.
- खसखस: अनारशांसाठी किंवा मसाल्यात मिसळलेलीही नको. ती अफूच्या झाडाची असल्याने सिंगापूर आणि आखाती देश दोन्हीकडे अडचण होते.
- सुक्या खोबऱ्याची वाटी: तेलकट असल्याने पेट घेण्याचा धोका, म्हणून विमानाच्या सामानात अडवतात.
- लोणचं आणि तूप: हातातल्या बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगेत घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन पिशव्यांत.
- पॉवर बँक: उलटं. ती हातातच हवी, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

दशम्या, मेथीचे ठेपले, चिवडा, उपम्याचं तयार पीठ, नातीसाठी नाचणीसत्त्व, एवढं पुरतं. एक जिन्नस मात्र जरूर घ्या: प्लास्टिकचा छोटा हातजेट किंवा नळीची बाटली. बऱ्याच स्वच्छतागृहांत फक्त कागद असतो, आणि ज्येष्ठ माणसं त्यापायी पाणी पिणंच कमी करतात. दमट उन्हात त्याचा परिणाम चक्कर येण्यात होतो. नळाचं पाणी मात्र तिथे पिण्याजोगं असतं. बाटल्या विकत घेऊ नका.

## टप्पा १०. शेवटचे तीन दिवस आणि निघण्याची रात्र

उतरण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात येत असल्याची नोंद, ऑनलाइन भरायचं. त्याआधी भरता येत नाही. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. कुटुंबाचं एकत्र भरता येतं. ईमेल असा द्या की जो प्रवासात उघडता येईल: पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल ते ईमेलवरच येतं.

फोनचं बघा. ज्या क्रमांकावर बँकेचा ओटीपी येतो तो फोन रोमिंगसह सोबत हवा. घरी ठेवलेल्या फोनवर ओटीपी येत राहतो आणि तिकडे कार्ड अडतं.

प्रत्येक ज्येष्ठाच्या आणि मुलाच्या खिशात एक कार्ड ठेवा: इंग्रजीत हॉटेलचं नाव-पत्ता, कारभाऱ्याचा क्रमांक, रक्तगट, आजार, औषधं. मागच्या बाजूला रुग्णवाहिका ९९५, पोलीस ९९९.

विमानतळावर व्हीलचेअर आली की घर दोन तुकड्यांत फुटतं, कारण व्हीलचेअरसोबत सहसा एकालाच सोडतात. म्हणून कारभाऱ्याने आठही पासपोर्ट एका पाऊचमध्ये घेऊन फिरणं ही चूक आहे. व्हीलचेअरच्या तुकडीकडे त्यांचे पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधांचा एक वाटा आणि चालू फोन असला पाहिजे. भेटण्याची जागा 'गेटवर' अशीच ठरवा. मधल्या दुकानांत वाट बघत बसू नका.

विमानात तासातासाने आजी-आजोबांना उठवून दोन फेऱ्या मारायला लावा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पासपोर्ट तपासणीला सहा वर्षांवरच्यांसाठी स्वयंचलित मार्गिका आहेत; तीन वर्षांच्या नातीला माणूस बसलेल्या काउंटरवर न्यावं लागतं. कोण नेणार ते आधी ठरवा.

## टप्पा ११. तिथले दिवस

दिवसाला दोनच गोष्टी. सकाळी आठ ते साडेअकरा एक, दुपारी खोलीवर झोप, पाचनंतर दुसरी. दुपारची झोप हा कार्यक्रमातला हक्काचा तास आहे. त्यात 'जाता जाता' काही बसवू नका.

गार्डन्स बाय द बे संध्याकाळी ठेवा. पाचच्या सुमाराला थंड काचघरं बघून घ्या (आजींना शाल लागेल), मग बाहेर येऊन बसा. झाडांवरचा प्रकाशाचा खेळ ७.४५ ला आणि ८.४५ ला असतो आणि फुकट असतो. पहिलाच बघा. प्राणिसंग्रहालय सकाळी उघडताच, आणि आतली ट्राम घेऊन. नाइट सफारी सुंदर आहे, पण हॉटेलवर परतायला अकरा वाजतात. दुसरी सकाळ कोरी ठेवता येत असेल तरच.

सगळ्यांनी सगळं बघायचं हा हट्ट सोडा. युनिव्हर्सल स्टुडिओत आजोबांना नेऊन बाकावर बसवण्यात त्यांचा दिवस आणि तुमचे पैसे दोन्ही जातात. एक जोडी मुलांना घेऊन तिकडे जाईल. दुसरी आजी-आजोबांसोबत बोटॅनिक गार्डनला, जे विनामूल्य आहे आणि बाकांनी भरलेलं आहे. पुढच्या खेपेला जोड्यांची अदलाबदल. आजी-आजोबा आहेतच म्हणून दोन्ही मुलं रोज त्यांच्यावर सोडून जाऊ नका. ते नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच हे आधी ठरवायचं.

प्रवासाचं गणित असं:

- टॅक्सीत चार जण बसतात. आठांना दोन टॅक्स्या, प्रत्येकीत चालू फोन असलेला एक जण.
- १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत बालआसन सक्तीचं आहे. टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही. बुक करताना टॅक्सीचाच पर्याय निवडा.
- लांबच्या दिवसाला तेरा आसनी व्हॅन दिवसभरासाठी परवडते.
- एमआरटीत एका कार्डावर एकच माणूस. सगळ्यांसाठी एकच फॉरेक्स कार्ड टेकवत बसू नका. आजी-आजोबांना वेगळं ईझी-लिंक (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं) कार्ड घ्या. ०.९ मीटरपेक्षा बुटक्या मुलाला तिकीट नाही.
- तिथले सरकते जिने आपल्याकडच्यापेक्षा वेगाने चालतात. साडी आणि काठी असेल तर लिफ्टच, रांग कितीही असो.

तपासा, रोज रात्री: आजोबांचे पाय सुजलेत का, गोळ्यांची डबी रिकामी झाली का, आजी दिवसभरात किती वेळा पाणी प्यायल्या. सूज किंवा थकवा दिसला तर उद्याची सकाळची गोष्ट रद्द करा. तिकीट वाया गेलं तर जाऊ द्या.

## टप्पा १२. परतीचा दिवस

हॉटेल दुपारी बाराला सोडायचं आणि विमान रात्री आठला असेल तर एक खोली संध्याकाळपर्यंत वाढवून घ्या. अर्ध्या दिवसाचे पैसे द्यावे लागतील, द्या.

पर्यटकांना जीएसटी परत मिळतो, पण ज्याने खरेदी केली त्याच्याच पासपोर्टवर, आणि एका दुकानातली खरेदी किमान १०० सिंगापूर डॉलरची हवी. वस्तू मोठ्या बॅगेत टाकणार असाल तर परताव्याचं काम बॅग जमा करण्याआधी करा. बॅग गेली की वस्तू दाखवायला उरत नाही. या कामाला तासभर धरा आणि तेवढ्या वेळ आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून कुणीतरी सोबत थांबा.

व्हीलचेअरची परतीची नोंद चेक-इनच्या काउंटरवर पुन्हा विचारा. डॉक्टरांकडे जावं लागलं असेल तर मूळ बिलं आणि अहवाल हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईत रात्री उशिरा उतरून दोन गाड्या लागणार आहेत, त्या निघण्याआधीच ठरवून ठेवा. आणि घराची किल्ली आजोबा ज्या गाडीत बसतील तिच्यात असू द्या.